चेरीची ताटी आणि झुडूप: पाच हंगामांच्या छाटणीच्या नोंदी

गोड चेरीची २३२ झाडं लावली, त्यांच्या वळण-छाटणीच्या या नोंदी. वहीतलं जवळपास जसंच्या तसं उतरवलंय. नंतर कळलेलं कंसात टाकलंय.

एकूण ओळी सहा. पहिल्या चार तारेवर, यूएफओ पद्धतीच्या: बिनफांदीचं रोप तिरकं लावायचं, मग खालच्या तारेवर आडवं करून ओलांडा तयार करायचा आणि त्याच्यावरून सरळ उभ्या काड्या उठवायच्या. फळ त्या उभ्या काड्यांवर. शेवटच्या दोन ओळी केजीबी, म्हणजे तारेशिवायचं झुडूप, बुंध्यापासून पंधरा-वीस काड्या झाडूसारख्या उभ्या. नावं हेरगिरीच्या गोष्टीतली वाटतात, पण पहिलं ‘अपराइट फ्रुटिंग ऑफशूट्स’चं लघुरूप आहे आणि दुसरं किम ग्रीन या ऑस्ट्रेलियन बागायतदाराच्या नावावरून पडलंय.

यूएफओमध्ये लॅपिन्स, ३ बाय १.८ मीटर, ओळीत ४० झाडं. केजीबीत स्वीटहार्ट, ४.५ बाय २ मीटर, ओळीत ३६. खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाचं रोप) सगळीकडे गिसेला ६. दोन्ही जाती स्वतःच्या परागावर फळ धरतात, त्यामुळे परागासाठी मधे वेगळी झाडं नाहीत.

दादाने वीस वर्षं द्राक्ष केलीत. मला चेरी नवी, त्याला तार जुनी. पुढच्या निम्म्या चुका या जोडीतून झाल्या.

१४ मार्च २०२१

खांब आणि तारा आधीच ओढून झाल्या होत्या. खालची तार जमिनीपासून ५० सेंमीवर, तिच्यावर ६०-६० सेंमीवर आणखी तीन. रोपं काडीसारखी सरळ, करंगळीपेक्षा जाड. कलमाचा जोड मातीच्या वर दहा सेंमी राहील असा धरला. जोड मातीत गेला की वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि मग आखूड वाढीच्या खुंटाचे पैसे वाया.

ओळ १ लावून झाली तेव्हा चार वाजले होते. पद्धत सांगते की रोप ४५ अंशांत तिरकं ठेवा, डोळे (काडीवरचे कोंब) फुटल्यावर हळूहळू तारेवर आणा. दादा म्हणाला, “अरे, तार समोर आहे, काडी अजून लवचीक आहे, मग उद्यावर कशाला टाकायचं?” मलाही पटलं. चाळीसच्या चाळीस काड्या त्याच संध्याकाळी आडव्या बांधल्या. ओळ एकदम देखणी दिसत होती.

१६ मार्च

काल दिवसभर पाऊस. आज ओळी २, ३, ४ लावल्या, अंधार पडला म्हणून बांधायचं राहिलं. सगळी रोपं तिरकीच उभी. (आळसाने झालेलं हे या बागेतलं सगळ्यात चांगलं काम.)

केजीबीच्या दोन ओळी लावून रोपं ४५ सेंमीवर सरळ कापली. दोन तासांत संपलं.

२ मे

ओळ १ आणि ओळ २ शेजारी शेजारी उभं राहून बघितल्या. ओळ १ मध्ये वाकवलेल्या जागेपाशी तीन-चार फुटवे मनगटापासून कोपरापर्यंत लांब झालेत, आणि तिथून पुढे शेंड्यापर्यंतचे डोळे झोपलेले. ओळ २ मध्ये बुडापासून टोकापर्यंत सगळे डोळे जागे, फुटवे बोटभर, सारखे.

झाड क्रमांक १७ सगळ्यात वाईट. पहिल्या ३० सेंमीत तीन दांडगे फुटवे, त्यापुढे ९० सेंमी काडी कोरी करकरीत. नखाने साल खरवडून पाहिली, आत हिरवी आहे. म्हणजे मेलेली नाही, नुसती गप्प बसलीय.

काडी तिरकी असते तोवर शेंड्याला ओढ राहते आणि सगळे डोळे त्या ओढीत उठतात. एकदम आडवी केली की शेंड्याचा मान जातो आणि वाकणाजवळचे डोळे सगळं पाणी पिऊन बसतात.

आज ओळी २ ते ४ तारेवर आणल्या. आधी तारेच्या खालचे सगळे फुटवे आणि ओलांड्याच्या पोटाकडचे डोळे अंगठ्याने चोळून काढले. पाठीवरचे साधारण वीतभर अंतरावर एक असे ठेवले. झाडाला आठ-नऊ काड्या बसतात. १२० झाडांना दोघांचे दोन दिवस. बोटं काळी आणि चिकट, साबणाने निघत नाहीत, तेलाने निघतात.

९ जून

केजीबी, ओळ ५. लावताना कापलेल्या प्रत्येक झाडावर चार-पाच फुटवे आलेत, ५० ते ६० सेंमी. ते आज १५ सेंमीवर परत कापले. ऐकायला जीव दुखतो, पण एका फुटव्याचे दोन व्हायचे तर हेच करावं लागतं. सगळे एकाच पातळीत कापायचे, म्हणून काठीला खूण करून ती बुंध्याशी उभी धरली. जो फुटवा खुणेपर्यंत पोचलाच नाही त्याला हात लावायचा नाही. दुबळा तसाच वाढू द्यायचा आणि दांडग्याला मागे खेचायचं. मग दोघं जवळपास बरोबरीला येतात.

ओळ ६ उद्या.

२१ जुलै

‘उद्या’ आज उजाडला. मधे यूएफओच्या काड्या वरच्या तारेला बांधण्यात सहा आठवडे गेले. ओळ ६ चे फुटवे आता मीटरभर. कापले. दादा म्हणाला, “उशीर झालाय, राहू दे आता, वसंतात बघू.” मी ऐकलं नाही. वेळापत्रकात लिहिलेलं काम राहिलं तर मला झोप लागत नाही.

१९ ऑगस्ट

सुतळी. ओळ १ मध्ये प्लास्टिकची बारीक सुतळी वापरली होती, कारण शेडमध्ये तिचा अख्खा गुंडा पडून होता. आज झाड ४ ची काडी सोडवायला गेलो तर सुतळी दिसेचना. सालीला एक खाच, खाचेच्या वरच्या बाजूला साल फुगून ओठासारखी बाहेर आलेली आणि तिथे मधाच्या रंगाचा डिंकाचा थेंब, मटारच्या दाण्याएवढा. कात्रीचं टोक घालून सुतळी काढली तेव्हा काडी खाचेत हलत होती.

अशी ११ झाडं निघाली. त्यातली दोन वाऱ्यात त्याच जागी मोडली. आता सगळीकडे रबरी नळीची बांधणी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी: एक वेटोळं तारेभोवती, एक काडीभोवती, मधे पीळ. पहिल्या दोन वर्षांत काडी इतक्या वेगाने जाड होते की महिन्यातून एकदा बांधण्या बघत फिरणं हे वेगळं कामच धरायचं.

६ मार्च २०२२

ओळ ६ चा हिशेब आला. जुलैच्या कापानंतर फुटलेली काडी थंडीपूर्वी पक्की झालीच नाही. शेंडे काळे, मोडले की आत तपकिरी. ३६ पैकी २९ झाडांवर हीच गत. हिरव्या लाकडापर्यंत परत कापली, म्हणजे गेल्या जूनमध्ये होती तिथेच आली. ओळ ५ आज १५ सेंमीचा पुढचा काप घेतेय आणि ओळ ६ एक अख्खं वर्ष मागे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जमलं नाही तर त्या वर्षीचा काप सोडून द्यायचा. दादाचं बरोबर होतं. हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने नुसतं “हं” केलं.

२७ मार्च

ओळ १ च्या गप्प डोळ्यांना उठवायचा प्रयत्न. डोळ्याच्या वर चार-पाच मिलिमीटरवर लोखंड कापायच्या पात्याने एकच ओढ, साल कापून लाकडाला टेकेल इतकीच, काडीच्या एक तृतीयांश घेरापुरती. वरून खाली येणारा ‘थांब’ असा निरोप त्या डोळ्यापुरता तुटतो आणि डोळा फुटतो. खाच डोळ्याच्या वर, म्हणजे शेंड्याकडच्या बाजूला. खाली घेतली तर उलट परिणाम होतो.

वेळ नेमकी पाहिजे. डोळ्यांच्या टोकाला हिरवं दिसायला लागलंय आणि पुढचे तीन-चार दिवस कोरडे आहेत, अशी वेळ. ऐन थंडीत घेतलेली खाच वाळते आणि रोगाला दार उघडं राहतं.

पाठीवरचे ११८ डोळे निवडून खाचा घेतल्या. पहिल्या वीसेक खाचांना हात जड पडला, लाकूड चिरलं. साल कापली जाताना पातं मऊ सरकतं, लाकडाला लागलं की खरखर जाणवते. ती जाणवली की थांबायचं. हे कळायला वीस काड्या लागल्या.

१५ मे

११८ पैकी ७९ फुटले. न फुटलेल्यांत माझ्या पहिल्या वीसपैकी १४ आहेत.

झाड १७ वर पाच खाचा, फुटला एक. तो पण पोटाकडे वळून आला.

१८ जून

यूएफओमध्ये दोन कामं. एक, ज्या काड्या बाकीच्यांच्या दुप्पट जाड झाल्यात त्या वीतभर ठेवून कापल्या. त्यांचा फुटवा मध्यम ताकदीचा येतो. तशाच राहिल्या तर शेजारच्या चार काड्यांचा घास खातात. दोन, उभ्या काड्यांना आडव्या बगला फुटल्या होत्या त्या कोवळ्या असतानाच हाताने मोडल्या. ताटी एका काडीच्या जाडीची राहिली पाहिजे. बगला ठेवल्या की दोन वर्षांत ताटीचं कुंपण होतं आणि आत ऊन जात नाही.

झाड १७ ला वेगळा उपाय. वाकणापाशी जी सगळ्यात दांडगी काडी होती ती आता मीटरभर आहे आणि अजून लवते. तिला खाली तिरकं करून दोरीने धरलं, पुढच्या वसंतात डोळे फुटले की तारेवर आडवी करणार. जुना कोरा ओलांडा तिच्या पुढून कापून टाकीन. जिने सगळं पाणी पळवलं तिलाच कामाला लावायचं.

१२ नोव्हेंबर २०२२

पानं नुकतीच गळाली. या आठवड्यात मजूर मिळाले म्हणून छाटणी उरकून घेतली. पाचपैकी दोन दिवस पावसाची भुरभुर होती. दादा म्हणाला द्राक्षात जखमेवर पेस्ट लावली की भागतं, म्हणून बोर्डो पेस्टची (मोरचूद आणि चुना) बादली घेऊन मागे एक माणूस ठेवला. ओळी २ आणि ३ पूर्ण झाल्या.

(या नोंदीला वहीत नंतर लाल शाईने चौकट केलीय.)

३० एप्रिल २०२३

ओळ ३, झाड ८. फुलोऱ्यात एक काडी उघडीच राहिली. बाकीच्या सात काड्या पांढऱ्याशुभ्र, ही एकटी काळी. खाली बघितलं तर नोव्हेंबरच्या कापाभोवती साल किंचित खचलेली, रंग ओल्या चहापत्तीसारखा. सुरीने टवका उडवला. आतली साल तपकिरी, दमट, आंबूस वासाची, आणि चांगल्या हिरव्या सालीशी तिची सीमा नदीच्या काठासारखी वेडीवाकडी. बोट खाली नेत गेलो तसा तपकिरी पट्टा ओलांड्यात शिरलेला.

जिवाणूजन्य कॅन्कर. हा जिवाणू, स्यूडोमोनास सिरिंगे, ओल्या थंड हवेत ताज्या जखमेतून आणि पान गळालेल्या ठिकाणच्या व्रणांतून आत शिरतो. म्हणजे आम्ही त्याला वर्षातली त्याची सगळ्यात आवडती वेळ दिली, वर सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेऊनही सोडला. पेस्टने काही झालं नाही. आत गेलेल्या चोरावर दार लावून घेण्यासारखं ते.

ओळी २ आणि ३ मध्ये मिळून २३ झाडं. ज्या ओळींची छाटणी नोव्हेंबरात राहिली होती, त्या ४ मध्ये दोन आणि १ मध्ये एक. केजीबीत शून्य. रात्री दादाने वही मागून घेतली आणि आकडे स्वतः परत मोजले. काही बोलला नाही.

८ जुलै २०२३

दहा दिवस पाऊस नाही, पुढेही दिसत नाही. रोगट काड्या आज काढल्या, डाग संपतो तिथून वीतभर खाली जाऊन. सात झाडांत रोग बुंध्यात उतरला होता, ती मुळासकट उपटली. सिकेटर दोन ठेवली. एक चालू असताना दुसरं ७० टक्के अल्कोहोलच्या डब्यात. दर झाडाला अदलाबदल. सुरुवातीला वेळखाऊ वाटतं, तासाभरात हाताला सवय होते.

आता नियम असा: मोठे काप फळ काढल्यावर, उन्हाळ्यात, कोरड्या हवेत. पान गळाल्यावर फक्त तांब्याची फवारणी, कात्री नाही. पानं झाडावर असताना बोर्डो मारायचं नाही, चेरीचं पान तांब्याने भाजतं. आणि कुठलाही जाड काप बुंध्याला किंवा ओलांड्याला चिकटून घ्यायचा नाही. वीतभर खुंटी ठेवायची, म्हणजे रोग आलाच तर खुंटीत अडकायची आशा राहते. द्राक्षाची सफाईदार छाटणी करणाऱ्याला हे खुंट्यांचं जंगल बघवत नाही. बघायची सवय करतोय.

पहिली फळं धरली होती, ओळ ४ वर मोजून दोन घमेली. पाखरांनी एक खाल्लं.

३ मार्च २०२४

दादाने ओळ ४ चं शेवटचं टोक सांभाळलं. ओलांड्याजवळ गेल्या वर्षीच्या काही आखूड बगला राहिल्या होत्या. त्या त्याने दोन-तीन डोळ्यांवर आणल्या, द्राक्षाच्या काडीला करतात तशा. काम स्वच्छ, बघत राहावं असं. मी वाहवा केली.

२६ मे

त्या सगळ्या खुंट्या वाळायला लागल्यात. दादा चार वेळा विचारून गेला, “परत कॅन्कर का रे?” नाही. सालीवर डाग नाही, डिंक नाही.

शेवटी एक न छाटलेली बगल आणून ओट्यावर बसलो आणि बुडापासून एकेक पेर बघितलं. बुडाच्या चार-पाच पेरांवर प्रत्येकी एक फळ किंवा फळ गळाल्याची खूण, आणि पान एकही नाही. त्याच्या वर पानं सुरू. चेरीचा फुलडोळा नुसतं फूल देतो, त्याच्या पोटात फुटव्याचा कोंब नसतो. द्राक्षाच्या एकाच डोळ्यात घड आणि फुटवा दोन्ही असतात, म्हणून तिथे दोन डोळ्यांवर कापून चालतं. इथे एका वर्षाच्या काडीच्या बुडाशी बहुतेक फुलडोळेच असतात. दादाने नेमके तेवढेच ठेवून वरचे पानाचे डोळे कापून टाकले. फुलं फुलली, पुढे त्या खुंटीला जगायला कारणच उरलं नाही.

मार्चमध्ये डोळे ओळखता येतात: फुलडोळा गुबगुबीत, टोक बोथट. पानाचा डोळा सडसडीत, टोकदार. शंका आली तर एक डोळा तोडून नखाने उभा चिरायचा. फुलडोळ्यात दोन-चार हिरवे मणी दिसतात. आता कापायच्या आधी तिथे एक तरी टोकदार डोळा आहे ना, हे बघितल्याशिवाय सिकेटर उघडत नाही. आखूड बगल नको असेल तर ती समूळ काढायची, हवी असेल तर लांब ठेवायची. मधलं चालत नाही.

दादाला दोन्ही डोळे चिरून दाखवले. तो म्हणाला, “वीस वर्षं डोळेच वाचतोय मी, पण ही लिपी वेगळी आहे.”

१७ जुलै २०२४

पहिलं खरं पीक. ओळी १ ते ४ लॅपिन्स, काड्या बुडापासून शेंड्यापर्यंत मण्यांच्या माळेसारख्या. फोटो काढले. मग फळ मोजपट्टीत घातलं: २२, २३ मिलिमीटर. २८ ची आशा होती. चव पण पाणचट.

कारण उघड आहे. लॅपिन्स भरपूर धरते, गिसेला ६ लवकर आणि भरपूर धरायला लावतो, आणि काडीवर स्पर (बोटाच्या पेराएवढी आखूड फळकाडी) अगदी दाट. फळ चांगलं भरायला फळामागे साधारण पाच पानं लागतात. एका काडीवर मोजली: ९४ फळं, २३० पानं. अडीचसुद्धा नाहीत. पान मोजत बसल्याबद्दल घरात हसू झालं, पण हे मार्चमध्येच करायला हवं होतं, स्पर मोजून.

केजीबीत ओळ ५ वर फळ कमी पण २७ मिलिमीटर. ओळ ६ वर जवळपास काही नाही. २१ जुलै २०२१ ची वसुली अजून चालू आहे.

४ ऑगस्ट २०२४

फळ उतरल्यावरची छाटणी, कोरड्या आठवड्यात.

यूएफओ: प्रत्येक झाडावरची सगळ्यात जाड एक काडी, कुठे दोन, वीतभर खुंटी ठेवून कापली. यातून नवी काडी येईल. दर वर्षी अशी एक-दोन बदलत गेलं की सगळी ताटी सहा-सात वर्षांत नवी होत राहते आणि कुठलीच काडी मनगटाएवढी होत नाही. जाड काडी कापायला मन होत नाही, कारण सगळ्यात जास्त फळ तिच्यावरच दिसतं. पण खालच्या काड्यांवर सावली पण तिचीच.

उंची २.४ मीटरवर. गेल्या फेब्रुवारीत ओळ २ चे शेंडे थंडीत कापले होते, तिथे प्रत्येक कापातून तीन-चार फुटव्यांचा झाडू आला. आता ऑगस्टमध्ये एका बारीक बगलेवर आणून कापले. नवी फूट जवळपास नाही. झाडाची वाढीची हौस या महिन्यात ओसरलेली असते.

केजीबी, ओळ ५: झाडामागे १८ ते २० काड्या. मधल्या तीन-चार काढून टाकल्या म्हणजे वरून बघितल्यावर बुंधा दिसतो. ऊन बुंध्यापर्यंत गेलं नाही तर खालचे स्पर मरतात आणि फळ दर वर्षी वर वर सरकतं. ही ओळ दोघांनी एका दिवसात, शिडीशिवाय. यूएफओच्या एका ओळीला दोन दिवस लागतात, पण काढणीच्या वेळी तिथे फळ समोर भिंतीवर लटकवल्यासारखं असतं, माणूस चालत चालत तोडतो. छाटणीत गेलेला वेळ काढणीत परत मिळतो. तारा आणि खांबांचा खर्च मात्र परत मिळत नाही.

९ मार्च २०२५

स्पर विरळणी, ओळी १ ते ४. काडीवरचा दर तिसरा स्पर अंगठ्याने बाजूला दाबून तोडला. आधी पोटाकडचे आणि सावलीतले. एका वर्षाच्या काड्यांचा एक तृतीयांश शेंडा पण कापला, कारण स्पर शेंड्याकडेच सगळ्यात दाट बसतात. तिथे आत्ता कापलं की पुढच्या वर्षीचं ओझं आत्ताच उतरतं. चारही ओळींना दोघांचे साडेसहा दिवस. पाठ गेली. मागे वळून बघितलं तर जमिनीवर स्परचा सडा, आणि दादा म्हणतो, “पीक झाडून टाकलंस की.”

१४ जुलै २०२५

फळ २६ ते २८ मिलिमीटर. वजनाने गेल्या वर्षीपेक्षा साधारण पंधरा टक्के कमी. व्यापाऱ्याने पेटी उघडल्यावर गेल्या वर्षीसारखी तोंड वाकडं करून बंद केली नाही. साडेसहा दिवस वसूल.

ओळ ६ ने पहिल्यांदा नीट धरलं.

१० ऑगस्ट २०२५

ओळी ४, ३ आणि २ बदलाच्या काड्या कापून झाल्या. गेल्या वर्षीच्या खुंट्यांपैकी बहुतेकांवर नवी काडी आहे, मीटर ते दीड मीटर. ज्या खुंट्या ओलांड्यापासून बोटभरच ठेवल्या गेल्या होत्या (मजुराला वीत सांगितली होती, त्याने आपली बोटं मोजली), त्यांतल्या निम्म्या कोरड्या आहेत. वीतभर ठेवलेल्यांवर दोन-तीन फुटवे आले, त्यांतला एक मध्यम ठेवला आणि बाकीचे मोडले. जाड नको, बारीक पण नको, पेन्सिल आणि अंगठ्याच्या मधला.

ओळ १ राहिली. झाड १७ चा नवा ओलांडा आता पुरा १.६ मीटर, वर सात काड्या. दोन वाकणापाशी अजून दांडग्या आहेत, एक पहिल्यांदा कापायची. जुन्या ओलांड्याचा कोरा तुकडा अजून तारेला बांधलेलाच आहे, रबरी नळी सैल होऊन लोंबतेय. तो पण काढायचाय.

दुपारी करवत लावायला गेलो आणि पश्चिमेकडून ढग आले. दादाने वर बघितलं, काही न बोलता करवत माझ्या हातातून घेतली, पुसली आणि पेटीत ठेवली. ओळ १ पुढच्या कोरड्या आठवड्यात.